तिसऱ्या स्तरात दाढीला परवानगी आहे

३ मे

दादा,

अभिनंदन. आजपासून आपलं शहर चौथ्या स्तरातून तिसऱ्या स्तरात आलं, आणि तिसऱ्या स्तरात केस कापायला आणि दाढी करायला परवानगी आहे. काल संध्याकाळी टीव्हीवर तूच वाचून दाखवलंस. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि तू तो सारखा वर सारत होतास. शेजारी बसलेल्या साहेबांपेक्षा तूच जास्त थकलेला दिसलास. तरी मला तुझी दया आली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पत्र लिहितेय कारण तू फोन उचलत नाहीस. तुझा सहायक दर वेळी म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. पत्राला तसं सांगता येत नाही. वहिनी ते तुझ्या ताटाशेजारी आणून ठेवतील, एवढी मला त्यांची खात्री आहे.

सकाळी शटर वर केलं तर गंजलेलं. दोघी लोंबकळलो तेव्हा कुठे हललं. दोघी म्हणजे मी आणि माझी जोडीदारीण, दुसऱ्या खुर्चीवर काम करते ती. आत कुबट वास. आरसे पुसले, खुर्च्या लांब लांब सरकवल्या, आणि तुझा तो स्तरांचा तक्ता दारावर चिकटवला. चिकटवणं सक्तीचं आहे म्हणे. पहिलं गिऱ्हाईक आलं ते समोरच्या बँकेतलं. ओळख ना पाळख. त्याने मास्क काढला, मान मागे टाकली, मी गालाला फेस लावायला घेतला. आणि लावता लावता हात थांबला. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, साबण गार आहे का बघत होते."

दादा, त्या तक्त्यात खाली खाली एक ओळ आहे. तूच लिहिली आहेस, तरी पुन्हा वाच. 'वृद्धनिवास: नातेवाइकांच्या भेटी पहिला स्तर लागू होईपर्यंत बंद.' म्हणजे या शहरातल्या कुठल्याही परक्या माणसाच्या गळ्यावर मी आज वस्तरा फिरवू शकते. माझ्या बापाच्या नाही.

ज्यांनी हे दुकान थाटलं, ज्यांनी तुझ्या-माझ्या हातात आधी कंगवा दिला आणि मग पाटी, ज्यांनी ताप असतानासुद्धा दाढी केल्याशिवाय चहा घेतला नाही, ते बाबा आज पांढरी दाढी गळ्यापर्यंत वाढवून खिडकीत बसतात. उजवा हात गेलेला. डाव्याने स्वतःचा गाल चोळून मला दाखवतात. मी काचेच्या बाहेरून मान हलवते. काय अर्थ आहे माझ्या मान हलवण्याला?

त्यांना तिथे ठेवायचं तू ठरवलंस. दुकानावरची खोली, तो उभा जिना, अर्धांगवायू झालेला माणूस, तू मला सगळं समजावून सांगितलंस. मी भांडले, हरले, आणि मग दर रविवारी वस्तरा घेऊन तिथे जात राहिले. निदान तेवढं होतं. तेही तू काढून घेतलंस.

मला दहा मिनिटं हवी आहेत. मास्क घालीन, गाऊन घालीन, वर प्लास्टिकची ढाल लावीन, तपासणी करून घेईन. दहा मिनिटं. तुझी एक सही.

बारकी

१२ मे

दादा,

तुझं उत्तर मिळालं. वहिनींच्या फोनवरून, तेही लिहून. म्हणजे माझ्याशी बोलायची सोय तू ठेवलीच नाहीस.

'तुझी तळमळ समजते, परंतु कोणत्याही एका व्यक्तीसाठी अपवाद करता येणार नाही.' समजते, परंतु! बहिणीला लिहिताना कुणी 'परंतु' म्हणतं का रे? दुकानाच्या मागच्या मोरीत एकाच बादलीत आपण आंघोळ केली आहे.

पुढे तू नदीपलीकडच्या वृद्धनिवासाचं लिहिलं आहेस. एका मुलाला आईचा वाढदिवस म्हणून आत सोडलं आणि महिन्याभरात अर्ध्या खाटा रिकाम्या झाल्या. मला माहीत आहे. ते कुणाला माहीत नाही? त्या मुलाची बायको माझं गिऱ्हाईक आहे. तो आता घराबाहेर पडत नाही. मी त्याला वाईट म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस.

पण मग मला हे सांग. बाबांना आंघोळ घालणारी परिचारिका रोज खच्चून भरलेल्या बसने येते. तिचा नवरा बाजारात भाजी विकतो. स्वयंपाकघरात चौघं येऊन जाऊन असतात. ही सगळी माणसं आत जातात, बाबांना हात लावतात, घरी जातात, पुन्हा येतात. विषाणू काय त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचतो, आणि म्हणतो, ही पगारी आहे, हिला सोडू या? आणि मी मुलगी आहे म्हणून मला धरतो?

काल खिडकीशी गेले तर बाबांच्या हनुवटीवर पट्टी. त्या परिचारिकेने दाढी करायचा प्रयत्न केला म्हणे. बिचारीने कधी वस्तरा धरलेला नाही. दाढी इतकी वाढलेली असताना आधी कात्रीने बारीक करायची असते हेही तिला कुणी सांगितलेलं नाही. बाबांनी तिच्या हातावर फटका मारला. सगळ्यांसमोर. आपल्या बाबांनी, दादा! ज्यांचा आवाज कधी गिऱ्हाइकापुढे चढला नाही. ती काचेमागून मला हातवारे करून सांगत होती, चूक माझीच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची कीव आली आणि तुझा असा संताप आला की बागेतली एक कुंडी मी लाथेने उलथली. नंतर उचलून ठेवली.

शेजारच्या खिडकीशी एक बाई रोज येतात. त्यांचे यजमान आत आहेत. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. बाई घरून छोटं स्टूल घेऊन येतात, बसतात, आणि काचेतून त्यांना ओरडून दिवसभराचं सगळं सांगतात. भाजी कशी मिळाली, नळ कसा गळतोय. त्यांना ऐकू येत नाही, बाईंनाही ठाऊक आहे. कुंडी उलथली तेव्हा बाई म्हणाल्या, "कुणावर काढताय?" मी म्हटलं, "भावावर." त्या म्हणाल्या, "मग भावाला मारा. त्या झाडाने काय केलंय?"

बोल आता.

बारकी

२३ मे

दादा,

तुझ्या तक्त्यात एक फट आहे. मला सापडली.

नातेवाइकांना बंदी आहे. कर्मचाऱ्यांना नाही. म्हणून मी कर्मचारी झाले.

परवा वृद्धनिवासात परिचारिका हवी असल्याची पाटी लागली. त्यांच्या दोघी जणी भीतीने काम सोडून गेल्या. मी आत गेले. आत म्हणजे फाटकाजवळच्या कचेरीत. तिथल्या मुख्य बाईंना तू ओळखतोस, केस पांढरे, आवाज खडा, मुलगी नाही की सून नाही, सगळं निवास म्हणजे त्यांचा संसार. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"तुम्ही सात नंबरच्या आजोबांची मुलगी ना?"

"हो."

"तुमचं तर दुकान आहे. आता उघडलंय ना?"

"उघडलंय."

"मग? इथे काय काम असतं माहीत आहे? उचलायचं, धुवायचं, पुसायचं. दाढी करून झाली की घरी, असं नाही चालत."

"माहीत आहे."

"आणि इथेच राहायचं. मागच्या इमारतीत खोली आहे. आधी आठवडाभर एकटीने, मग तपासणी, मग काम. काम सुरू झालं की बाहेर जाऊन यायचं नाही. तुमच्या भावाचाच नियम आहे, नव्या माणसांसाठी."

म्हणजे बसने येणाऱ्यांचं मी लिहिलं ते तू वाचलंस तर! उत्तर दिलं नाहीस, पण नियम बदललास. मला कळेना हसावं की दात खावेत.

"साहेबांना सांगितलंय?" बाईंनी विचारलं.

"साहेब मीटिंगमध्ये असतात," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, दोन महिने तरी राहणार असाल तरच या. माझी माणसं अशी मध्येच पळून गेलेली मला परवडत नाहीत." मी दोन महिन्यांचा शब्द दिला.

जोडीदारणीला सांगितलं तर तिने हातातला केस वाळवायचा पंखा टाकून दिला. "अगं, आत्ता कुठे गिऱ्हाईक परत यायला लागलंय आणि तू चाललीस? वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, लागलंय. ती बराच वेळ खुर्ची पुसत राहिली, पुसलेलीच पुन्हा. मग म्हणाली, "जा. पण तुझ्या भावाचं तोंड मला दिसलं आणि मी काही बोलले, तर मग म्हणू नकोस."

तेव्हा तूर्त या बाजूला येऊ नकोस. केस वाढलेत तुझे, टीव्हीवर दिसतं. वाढू देत.

बारकी

७ जून

दादा,

सहा दिवसांपूर्वी बाबांची दाढी केली.

आधी वाटलं होतं, दाराशी उभी राहीन आणि ते 'बारके' म्हणून हाक मारतील. कसलं काय. मी आत गेले ती गाऊन, टोपी, मास्क, ढाल, हातमोजे असा सगळा पोशाख करून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा कुणीतरी कापायला आली, असंच त्यांना वाटलं असणार. "बाबा, मी आहे," म्हटलं. ढालीमुळे आवाजही माझा राहत नाही.

मग मी बोलणंच सोडलं. कात्रीने दाढी बारीक करून घेतली. गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर ठेवला. ते डोळे मिटून बसले, अंग मात्र ताठ. फेस केला. वस्तरा लावला, कानाजवळून खाली आणायला सुरुवात केली, आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "कोपर खाली घे."

शब्द अर्धेच फुटतात त्यांचे आता, पण हे स्पष्ट आलं. मी पंधरा वर्षांची असल्यापासून ते मला हेच सांगत आलेत. कोपर खाली घेतलं. तर म्हणाले, "आता बरोबर." मग डाव्या हाताने माझा गाऊन चाचपून पाहिला आणि विचारलं, "हे काय नेसलीस?"

मला रडता येईना. ढालीच्या आत रडलं की सगळं धुकं होतं, आणि हातात वस्तरा.

दाढी झाल्यावर आरसा दाखवला. त्यांनी गाल चोळला, हनुवटीखाली बोट फिरवलं, जिथे गिऱ्हाईक हमखास तपासतं तिथे. आणि मग विचारलं, "डॉक्टर येऊन गेला?"

तुला ते डॉक्टरच म्हणतात. मला बारकी, तुला डॉक्टर. मी म्हटलं, "काल आला होता. तुम्ही झोपला होतात." ते म्हणाले, "उठवायचं नाही का?" हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. त्यांना जेवण जावं म्हणून केलं. त्यानंतर रोज विचारतात, आणि मी रोज तुला आणून बसवते. परवा तर तू त्यांची नाडी पाहिलीस आणि छान आहे म्हणालास.

आज बाकीचे म्हातारे रांगेत बसले होते. घड्याळवाल्या आजोबांनी तर केस विंचरून घेतल्यावर खिडकीतून बाईंना दाखवलं. बाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या आणि चक्क लाजल्या. सत्तरी उलटलेली बाई!

काम सोपं नाही. कंबर मोडते. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. आणि एक गोष्ट तुला लिहायची नव्हती, पण लिहिते. चार दिवसांपूर्वी चादरी झटकताना मला खोकला आला. धूळच होती. पण त्या आधी तासभर मी बाबांना भरवत होते. धावत मागच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिले. माझ्या हाताने मेले तर, एवढंच डोक्यात. नदीपलीकडचा तो मुलगा डोळ्यांसमोरून जाईना.

निकाल चांगला आला. तुला हे कळलं म्हणून तू बरोबर ठरत नाहीस.

बारकी

२० जून

दादा,

दुसरा स्तर! रस्त्यावर गाड्यांचे भोंगे इथपर्यंत ऐकू आले. व्यायामशाळा उघडल्या, सिनेमा उघडला, दारूची दुकानं रात्रीपर्यंत. सभागृहात पन्नास माणसं चालतील. निवासाच्या कुंपणापलीकडे जे उपाहारगृह आहे तिथे काल कुणाची तरी मेजवानी होती. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होती. अलीकडे, खिडकीबाहेर, घड्याळवाल्या बाई स्टुलावर. काचेला तळवा लावून. आतून आजोबांचा तळवा.

पलीकडे पन्नास, अलीकडे एकही नाही. दादा, हा तक्ता करताना त्या टेबलाभोवती कोण कोण बसलं होतं? उपाहारगृहवाल्यांचा माणूस होता, हे मी वाचलं. सिनेमावाल्यांचा होता. व्यायामशाळावाल्यांचा होता. म्हाताऱ्यांचा कोण होता? तू होतास ना? मग तू काय बोललास?

बाबांचं चांगलं नाही. आजार तो नाही, तपासणी रोज होते. हृदयच थकलं आहे. इथले डॉक्टर काल मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता जे आवडतं ते खाऊ घाला." तू डॉक्टर आहेस, तुला याचा अर्थ सांगायला नको.

मुख्य बाईंच्या कचेरीतून फोन केला, आणि या वेळी तू आलास फोनवर. जे बोललो ते इथे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे तुला नंतर 'मी तसं म्हटलं नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

मी म्हटलं, "बाबा जाताहेत. ये."

तू म्हणालास, "येतो. खिडकीशी येतो."

"खिडकीशी? आत ये. तुला कोण अडवणार आहे? फाटकावरचा माणूस तुला सलाम ठोकेल."

"म्हणूनच," तू म्हणालास.

"म्हणूनच काय?"

"मला तो आत सोडेल म्हणूनच मला आत येता येत नाही. बाकीच्यांना सोडत नाही ना तो."

"बाकीच्यांचा बाप आहे का हा?"

"प्रत्येकाचा कुणीतरी आहे, बारके."

मी फोन आपटला. मुख्य बाईंचा फोन, त्याचा कोपरा फुटला. त्या चिकटपट्टी शोधायला लागल्या.

आणि तू 'बारके' म्हणालास. इतक्या वर्षांनी, आणि कशासाठी, तर मला नाही म्हणायला.

बारकी

२ जुलै

दादा,

तुझ्याशी समोरासमोर बोलले असते तर हात उठला असता, म्हणून लिहिते.

त्या दिवशी तू आलास तेव्हा मी बाबांची खाट खिडकीला लावून घेतली होती. उशा रचून त्यांना उंच बसवलं होतं. तू फाटकातून आलास. तो माणूस खरंच उठून उभा राहिला, दार उघडायला किल्ली घेऊन पुढे झाला, आणि तू हाताने नको म्हणालास. हे मी आतून पाहिलं. मग तू बागेच्या कडेने खिडक्यांकडे आलास. तिथे चौघंपाच उभी होती. त्यांनी तुला ओळखलं. कुणीही ओळखेल, रोज टीव्हीवर असतोस. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मला वाटलं, आता तुझी गचांडी धरतील. खरं सांगू? मला ते हवं होतं. कुणीतरी तुझी कॉलर धरावी, आणि तू काय उत्तर देतोस ते मला काचेतून का होईना पाहायचं होतं.

कुणी धरलं नाही. घड्याळवाल्या बाई उठल्या, त्यांनी आपलं स्टूल बाजूला ओढलं आणि तुला जागा करून दिली. बस्स.

तू काचेशी उभा राहिलास. मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, डॉक्टर आला." त्यांनी डोळे उघडले. या वेळी खरं होतं, पण ते कसं कळणार त्यांना? रोजच ऐकत होते. त्यांनी खोलीत बघितलं. दाराकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं, जिथे मी तुला रोज आणून बसवत होते. खिडकीकडे बघायला त्यांना फार वेळ लागला. मीच त्यांची मान हळूच वळवली.

तुला त्यांनी पाहिलं, हे मी तुला खात्रीने सांगते. तुझ्या वाढलेल्या केसांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. हात उचलला. मला वाटलं तुला बोलावताहेत. मी खिडकीच्या कडीला हात घातला. कडी उघडली असती दादा, ती नुसती गंजली होती. वीतभर फट पडली असती. तुझा हात आत आला असता. तू मान हलवलीस. नाही म्हणालास. तुझा मास्क ओला झालेला मला दिसत होता आणि तू नाही म्हणालास.

शेजारच्या खिडकीशी एक माणूस आपल्या आईला बघायला आला होता. तो तुझ्याकडे बघत होता, माझ्या हाताकडे बघत होता. तुला तो दिसत होता, हो ना? त्याच्याचसाठी तू नाही म्हणालास. बाबांसमोर, त्या परक्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. मी त्यांचा हात धरून होते. हातमोजा काढला होता. तुझ्या नियमात बसत नाही, तक्रार कर माझ्यावर.

स्मशानात वीस माणसांची परवानगी होती. तू मोजून विसावा उभा होतास, सगळ्यात मागे, आपल्या सख्ख्या बापाला. नंतर माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "दाढी छान केली होतीस."

मी तिथून निघून आले ते त्यामुळे. दुसरं काही बोलला असतास तर मी थांबले असते. चुकलं म्हणाला असतास तर भांडले असते, बरोबर केलं म्हणाला असतास तरी भांडले असते. पण तू दाढीचं बोललास, आणि ते खरं होतं, आणि त्याच्यावर मला काही ओरडता येईना.

बाहेर जाऊन आले म्हणून पुन्हा आठवडाभर मागच्या खोलीत एकटी आहे, तिथे वहिनींचे तीन फोन येऊन गेले. त्यांना सांग, मी बरी आहे. तू जेवत नाहीस असं त्या म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

बारकी

१ ऑगस्ट

दादा,

दोन महिन्यांचा शब्द संपला. मुख्य बाईंनी विचारलं, थांबता का? मी आठवड्यातले तीन दिवस थांबते म्हटलं, बाकीचे दिवस दुकान. त्या म्हणाल्या, आधी बाहेरून येणाऱ्यांचा नियम पाहावा लागेल. मी म्हटलं, पाहा. नियम करणाऱ्याला माझं नाव सांगा.

काल तुझा नवा तक्ता आला. मुख्य बाईंनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'वृद्धनिवासातील प्रत्येक रहिवाशासाठी कुटुंबातील एका व्यक्तीस, कोणताही स्तर लागू असला तरी, तपासणी करून व संरक्षक पोशाखात आत प्रवेश द्यावा.' वाचून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी उठून चादरी बदलायला गेले. एका खाटेची चादर मी फाडली, मुद्दाम नाही, पण ओढली जोरात.

दादा, हे वाक्य तुला मे महिन्यात लिहिता येत नव्हतं? शाई नव्हती? का तुझ्या त्या टेबलाभोवतीच्या माणसांना पटवायला तुला तुझा स्वतःचा बाप काचेमागे मेलेला दाखवावा लागला? वहिनी म्हणतात, तू या एका ओळीसाठी एप्रिलपासून भांडत होतास आणि दर वेळी ती खोडली जात होती. शेवटच्या बैठकीत तू काय बोललास ते तू घरीही सांगत नाहीस, पण त्या दिवशी ती खोडायची कुणाची छाती झाली नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे तू का नाही सांगितलंस? 'परंतु' लिहायला सुचलं आणि हे सुचलं नाही? माझ्या शिव्या खात राहिलास. हा कसला माज आहे, दादा?

यामुळे माझा राग कमी झाला असं मुळीच समजू नकोस. उलट वाढला आहे. आधी तो तुझ्यावर होता आणि सोपा होता.

आज सकाळी पहिल्या आल्या त्या घड्याळवाल्या बाई. स्टूल घरीच ठेवून आल्या होत्या. तपासणी झाली. मी त्यांना गाऊन घातला, मागच्या नाड्या बांधल्या, टोपीत केस कोंबले. बाई म्हणाल्या, "मी दिसते कशी?" मी म्हटलं, "डोळे दिसतात, तेवढे पुरे." दारापर्यंत घेऊन गेले.

आत गेल्यावर त्यांनी काय केलं असेल? मला वाटलं गळ्यात पडतील. त्या सरळ खाटेशी गेल्या आणि आजोबांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती ती सोडून नीट लावायला लागल्या. "किती दिवस बघतेय काचेतून," म्हणाल्या, "जीव नुसता खालीवर व्हायचा." आजोबा त्यांच्याकडे बघत बसले होते, हनुवटी वर करून, लहान मुलासारखे. मी दार लोटून घेतलं.

वेळ संपल्यावर बाहेर आल्या. गाऊन काढताना त्यांनी माझा हात धरला. "तुमच्या भावाला माझा नमस्कार कळवा."

मी म्हटलं, "मी त्याच्याशी बोलत नाही."

"मग लिहा," बाई म्हणाल्या.

म्हणून लिहिलं. त्यांचा नमस्कार कळवला आहे. पोहोचल्याचं त्यांना तू स्वतः येऊन सांग. खिडकीशी नाही. फाटकातून, तपासणी करून, रांगेत उभा राहून. गाऊन मी बांधीन.

बारकी